मागच्या स्पीकरची वायर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कोणाला उगाच शूर वाटायला नको. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे मी तीनदा बघतो. साधा बल्ब बदलायचा असला तरी वायरमन बोलावतो. आमच्या दाराचं कुलूप चोरांनी नाही, मीच ओढून ओढून खिळखिळं केलं, असं बायको पाहुण्यांसमोर सांगते, आणि ते खरं आहे.

म्हणून मुलीच्या हट्टापायी घरात होम थिएटर आलं, तेव्हा बाकीचे स्पीकर बघत होते आणि मी वायरी बघत होतो. पुढे टीव्हीजवळ तीन स्पीकर, खाली ढुमढुम करणारा एक डबा, आणि सोफ्याच्या मागे भिंतीवर दोन सराउंड स्पीकर. त्या मागच्या दोघांपर्यंत वायर न्यायची तर फरशीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून आणि पुन्हा खाली, अशी फिरवावी लागणार होती. एकेक वायर चाळीस-पंचेचाळीस फूट. आणि खोक्यातून निघालेल्या वायरी होत्या शेवयांसारख्या. त्या पाहूनच मला धडकी भरली. उंदीर कुरतडतील, दोन तारा एकमेकींना चिकटतील, ॲम्प्लिफायर जळेल, पडदा पेटेल. मुलगी म्हणाली, बाबा, स्पीकर आहे तो, सुतळी बॉम्ब नाही.

पण भित्र्या माणसाचा एक गुण असतो, तो अभ्यास फार करतो. महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. वायरीचा नंबर जितका लहान तितकी ती जाड, हे मला तेव्हा कळलं. लांबवर पाणी न्यायचं आणि नळी बारीक असली तर शेवटी धार पडत नाही, तसंच वायरीचं असतं. अंतर वाढलं की मागचा स्पीकर दुबळा होतो. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही विकतात. ती ओळखायची तर तार ब्लेडने खरवडायची, आत पांढरं निघालं की समजायचं आपण फसलो. मी भंडाऱ्यातल्या तीन दुकानांत खिशात ब्लेड घेऊन गेलो. तिसऱ्या दुकानदाराने माझं खरवडणं बराच वेळ सहन केलं आणि मग विचारलं, स्पीकरलेच लावाची आहे ना साहेब, का विहिरीच्या मोटरले?

त्याच्याकडची चौदा नंबरची, शुद्ध तांब्याची, पारदर्शक कवचावर एका बाजूने लाल रेघ असलेली वायर मला पसंत पडली. लागणार होती नव्वद फूट. मी अख्खं शंभर मीटरचं बंडल घेतलं. मोजून घेतली आणि कमी पडली तर मध्ये जोड द्यावा लागेल, आणि जोड म्हणजे ठिणगी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उरलेली दोनशेहून जास्त फूट वायर मी गुंडाळून माळ्यावर टाकली. भीतीपोटी आणलेल्या कितीतरी वस्तू आमच्या माळ्यावर अशाच पडून आहेत.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दादा आला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आंधळगावच्या पुढे आमचं गाव, तिथली धानाची शेती तोच करतो. मी नोकरी धरून भंडाऱ्याला आलो आणि इथलाच झालो. तलावात पोहायला मला त्यानेच शिकवलं, म्हणजे मी काठावर रडत होतो आणि त्याने ढकललं. विचारायचं ते मी आणि सांगायचं ते त्याने, हा आमचा जन्माचा रिवाज.

मुलीने त्याला सोफ्याच्या बरोबर मध्ये बसवून एक सिनेमा लावला. मागच्या स्पीकरमधून पाचोळा चुरडत पावलं आली, तसा दादा दचकला आणि गर्रकन मागे वळला. आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला. म्हणाला, डुकरं अशीच येतात, मागून.

मग जेवताना त्याने सगळं सांगितलं. धान दाण्यावर आलं होतं आणि रानडुकरांचा कळप रोज शेतात उतरत होता. खातात थोडं, लोळून नासवतात जास्त. सकाळी पाहावं तर भरली बांधी, म्हणजे धानाचा अख्खा वाफा, रूळ फिरवल्यासारखी झोपलेली. पंधरा दिवस तो मचाणावर बसला, डबे वाजवले, फटाके फोडले. आता गुडघे वर चढू देत नव्हते. हे सांगताना त्याचं लक्ष भिंतीकडे होतं. माझी वायर फरशीवरून कशी वर गेली, चौकटीवरून कशी वळली, हे त्याने मान फिरवत फिरवत शेवटपर्यंत पाहिलं.

"याच्यातून करंट किती दूर जाते गा?" त्याने विचारलं.

दादा मला काहीतरी विचारत होता. मी ताट सरकवलं आणि सुरू झालो. बारीक वायरीने लांब नेलं तर शेवटी जोर राहत नाही, पण ही वायर दोनशे फुटांवरही कमी पडत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. ब्लेड आणून खरवडूनही दाखवलं. तो मन लावून ऐकत होता. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. या वायरीचं कवच स्पीकरपुरतं असतं, घरातल्या लाइनचा दाब सोसायला ते बनवलेलंच नसतं. ते सांगायचं इथे कारणच काय, असं मला वाटलं. किंवा मी तसं वाटून घेतलं.

उरली आहे का, असं त्याने विचारलं, तर माळ्यावर चढून बंडल मीच काढून दिलं. कशाला हवी म्हटल्यावर तो म्हणाला, मोटरच्या खोलीपासून खालच्या बांधीपर्यंत एक बल्ब न्यायचा आहे, उजेडाला डुकरं बिचकतात. मला ते पटलं. खरं म्हणजे पूर्ण नव्हतं पटलं. बंडल त्याच्या पिशवीत कोंबताना मी एकदा थांबलोही होतो. पण नऊ वर्षांनी मोठ्या भावाने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडून काही शिकून घेतलं होतं, आणि ते सुख मला मोडवेना.

तेरा दिवस गेले. शनिवारची सुट्टी होती. मी स्टुलावर चढून मागच्या स्पीकरची वायर चौकटीवर क्लिपा ठोकून बसवत होतो. बायको आत गावाकडे वहिनीशी फोनवर बोलत होती, दिवाळीच्या अनारशांचं काहीतरी चाललं होतं. फोन ठेवून ती हसत बाहेर आली. म्हणाली, तुमच्या दादांचं काहीतरी नवीनच. वहिनींना ताकीद दिली आहे, दिवस बुडल्यावर खालच्या बांधीकडे फिरकायचं नाही. का, तर सांगत नाहीत. वहिनी म्हणतात, भूत दिसलं असेल.

मी स्टुलावरून खाली उतरलो.

झटका मशीन आमच्या भागात पुष्कळांकडे आहे. ते बॅटरीवर चालतं. त्याच्या तारेला लागलं तर डुक्कर पळतं, माणूस शिव्या घालतो, मरत कोणी नाही. पण काही जण त्या भानगडीत न पडता सरळ लाइनचा करंट गुडघाभर उंचीच्या उघड्या तारेत सोडतात. तो गुन्हा आहे, हे लावणाऱ्यालाही माहीत असतं. आमच्या शेजारच्या गावात एक जण सुटलेला बैल शोधत दुसऱ्याच्या शेतात शिरला, तो तारेला चिकटून तिथेच राहिला. शेतवाल्याला पोलिसांनी नेलं. मी तर डुकराले लावलं होतं, एवढंच तो म्हणत होता म्हणे. एका तारेने दोन घरं बसली.

आणि उजेडाचा बल्ब लावलेल्या जागी जायला कोणी बायकोला मनाई करत नाही.

मी वहिनीला फोन लावला. वाजत राहिला. बायको म्हणाली, त्या म्हशीला गवत आणायला निघाल्या होत्या, फोन घरीच ठेवतात. दादाचा फोन बंद. रात्री करंट सोडत असेल आणि दिवसा काढून ठेवत असेल, असं मी मनाला समजावलं. पण दादा म्हणजे स्वतःच्या लग्नात नवरदेवाचे जोडे घरी विसरून मांडवात अनवाणी पोचलेला माणूस. तो रोज सकाळी न चुकता आठवणीने तार काढेल, यावर जीव टांगायचा म्हणजे कठीण होतं.

मी मोटारसायकल काढली. बायकोला काय सांगितलं ते आता आठवत नाही. वरठीला कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटारसायकली रस्ता भरून येत होत्या आणि मी उलट्या दिशेने हॉर्न दाबत त्यांच्यातून वाट काढत होतो. एरवी मी चाळीसच्या वर गाडी नेत नाही. त्या दिवशी मोहाडी कधी मागे पडली ते कळलं नाही. सारखं एकच दिसत होतं, वहिनीची पाठ, गवत कापायला वाकलेली.

गावातल्या चार जणांचे नंबर माझ्या फोनमध्ये होते. त्यांतल्या एकाला जरी फोन केला असता तरी तो पाच मिनिटांत शेतात पोचला असता. मी केला नाही. गावात कळलं की पोलिसांत कळणार आणि दादाला नेणार, याची मला भीती वाटली. आंधळगावच्या अलीकडे एका पिंपळाखाली मी गाडी थांबवली, फोन हातात घेतला, एक नंबर काढला आणि तो परत खिशात ठेवून पुढे निघालो. वहिनीचा जीव दोन भीतींच्या मध्ये ठेवून मी पाऊण तास गाडी चालवली. हे मी आजपर्यंत घरात कोणाला सांगितलेलं नाही.

घराच्या दाराला बाहेरून कडी होती. मी वहिनीला फोन लावला, तो आतून वाजला.

तलावाच्या उंच मातीच्या पाळीवरून पलीकडे उतरलं की आमची मोटरची खोली लागते. पाळीवर चढल्याबरोबर मला खोलीच्या दारावरचा बल्ब दिसला. भर दुपारी तो जळत होता. शेतात हा बल्ब सगळेच लावून ठेवतात. तो पेटला की समजायचं, लाइन आली, मोटर सुरू करा.

खिडकीतून माझी वायर बाहेर आली होती. लाल रेघ वरच्या अंगाला ठेवून, जागोजागी बांबूच्या खुंटीला चिंधीने बांधत, दादाने ती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फार नीटनेटकी नेली होती. मी चौकटीवरून नेली होती, तशीच. एका ठिकाणी ती सुटून ओल्या गवतात पडली होती. जिथे ती संपत होती तिथून पुढे खालच्या बांध्यांभोवती बारीक लोखंडी तार ताणलेली होती, गुडघ्याच्या उंचीवर. उन्हात ती मधूनच चमकत होती, मधूनच दिसेनाशी होत होती.

वहिनी तारेच्या पलीकडे होती. दूर, शेवटच्या धुऱ्यावर, वाकून गवत कापत होती. तिथून परत यायला तार ओलांडल्याशिवाय रस्ता नव्हता.

मी ओरडलो. आवाज माझ्याच कानाला नीट ऐकू आला नाही. ती उभी राहिली, पण माझ्याकडे पाहून नाही. तिने कंबर सरळ केली आणि भारा बांधायला घेतला.

मी खोलीकडे धावलो. आत भिंतीवर लोखंडी डबा, त्यात चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज, खाली स्विचचा दांडा. असल्या डब्याला मी आयुष्यात हात लावलेला नाही. चपला चिखलाने ओल्या झाल्या होत्या. कोपऱ्यात खताची रिकामी पोती होती, ती पायाखाली ओढली. दाराशी एक काठी होती, ती घेतली. काठी सुकी आहे की ओली हे मला कळेना, मी ती गालाला लावून पाहिली. एवढा वेळ मी घालवला, आणि बाहेर वहिनी भारा बांधत होती. मग मी डोळे मिटले आणि काठीने दांडा खाली दाबला. डोळे उघडून दाराबाहेर वाकून पाहिलं तर बल्ब विझला होता. तरी विश्वास बसेना. तिन्ही फ्यूज उपसून काढले आणि खिशात घातले.

बाहेर आलो तर दादा पाळीवरून उतरत होता, खांद्यावर टॉवेल, तलावात आंघोळ करून आलेला.

"काहून आला गा असा अचानक? फोन त कराचा."

मी फ्यूज काढून तळहातावर ठेवले. त्याने ते पाहिले, मग वायरीकडे पाहिलं, मग इकडेतिकडे कोणी आहे का ते पाहिलं. त्याला समजलं. ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस चिडतो तसा चिडला. म्हणाला, इतलं घाबराचं काय काम, मी काय येडा आहो? दिवसा लाइन राहतच नाही.

आमच्याकडे शेतीची लाइन पाळीने असते, एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. रात्रपाळीच्या हप्त्यात लाइन पहाटे आपोआप जाते आणि रात्री आपोआप येते. म्हणून दादाने रोज सकाळी तार काढायची तसदीच घेतली नव्हती. गेल्या शनिवारी रात्रपाळी लागली तेव्हा लावली, तेव्हापासून ती तशीच जोडलेली होती. मी विचारलं, वहिनीला काय सांगितलंस? तर म्हणाला, डबे टांगाले तार बांधली म्हणून सांगतलं. खरं सांगतलं असतं त तिनं लावू देल्ली नसती.

"बल्ब सुरू होता," मी म्हणालो.

"कोणता बल्ब?"

मी दारावर बोट दाखवलं.

तो विझलेल्या बल्बकडे पाहत राहिला. मग हळूच त्याने विचारलं, आज कोणता वार आहे? मी शनिवार म्हटलं. त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून दिवस मोजले, मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"आजपासून दिवसाची पाळी लागली," तो म्हणाला.

म्हणजे वहिनी दुपारी शेतात गेली तेव्हा लाइन आलेली नव्हती. ती पलीकडे गवत कापत असताना केव्हातरी आली. दादा खोलीच्या दाराशी चिखलातच बसला. मला त्याची दया आली नाही. राग आला, आणि रागाच्या खाली शरम होती. वायर माझी होती. निवडलेली मी, खरवडून दाखवलेली मी, पिशवीत कोंबून दिलेली मी.

भारा डोक्यावर घेऊन वहिनी धुऱ्यावरून येत होती. तारेपाशी येऊन ती थांबली. फ्यूज माझ्या मुठीत होते, तरी मी ते पुन्हा मोजले. एक, दोन, तीन. तिने भारा अलीकडे टाकला, विळा कंबरेला खोचला, लुगडं सावरलं आणि वाकून तार मुठीत धरली. मूठ आवळून ती खाली दाबली, एक पाय अलीकडे टाकला, मग दुसरा. दादाच्या तोंडातून एक आवाज निघाला, तसा त्याच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

ती जवळ आली. मला पाहून खूश झाली, पोरीला कायले नाही आणलं म्हणाली, घरी चला, चहा मांडते म्हणाली. मग चिखलात बसलेल्या नवऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. गवताने हिरवा झालेला हात पदराला पुसत ती त्याला म्हणाली,

"तुम्ही ते तार जराशी खाली बांधा ना. रोज हातानं दाबा लागते."